फोटोग्राफी प्रकल्पाच्या शेवटी ‘संदर्भ : गूगल’ – यावर काही उपाय आहे का?

कोरीचौकट

मंडळी, विद्यार्थ्यांचे फोटोग्राफीचे प्रकल्प तपासणं हे माझ्या कामाचा भाग आहे. मुलं फोटो छान काढतात, त्याबद्दल तक्रार नाही. घोडं अडतं ते त्याआधीच्या अभ्यासाच्या पानांवर. पानभर फोटो चिकटवलेले, कुणाचे, कधीचे, कुठून घेतले याचा पत्ता नाही, आणि शेवटच्या पानावर एक ओळ : ‘संदर्भ : गूगल, पिंटरेस्ट, यूट्यूब.’ संपला विषय.

परवाचं उदाहरण देते. व्यक्तिचित्रांवरचा प्रकल्प होता. अभ्यासाच्या पानावर अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचा १९३६ चा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो. त्याखाली विद्यार्थ्याने मन लावून लिहिलं होतं, ‘लँग यांनी कपड्यांसाठी निवडलेले मातकट रंग आईची हतबलता अधोरेखित करतात.’ फोटो कृष्णधवल आहे! कुणीतरी नंतर रंगवलेली प्रत पोरानं कुठल्याशा पानावरून उचलली होती. कुठल्या, ते त्यालाही आठवेना.

तर प्रश्न असे की, कमीत कमी किती नोंद ठेवायला सांगावी, की मुलं ती खरंच ठेवतील? ती फोटोखाली असावी की शेवटी? आणि फोटो वापरलाच नाही, नुसती कल्पना किंवा पद्धत घेतली, तर श्रेय कसं द्यायचं? तुमच्याकडे काय करतात?

शटरउघडं

‘निवडलेले मातकट रंग’!! _/\_ या मुलाला मार्क द्या हो, कल्पनाशक्तीचे.

दुसरी_बेंच

मी स्वतः विद्यार्थी आहे म्हणून आमची बाजू मांडतो. आम्हाला कुणी सांगतच नाही. ‘संदर्भ लिहा’ एवढंच सांगतात आणि मग मार्क कापतात. संदर्भ लिहायच्या पद्धती तरी किती! एक सर म्हणतात एपीए, दुसऱ्या मॅडम म्हणतात एमएलए, मार्गदर्शिकेत हार्वर्ड लिहिलंय. इतकं सगळं लिहीत बसलो तर फोटो कधी काढायचे? आणि गूगलवर मिळाला तर गूगलच लिहिणार ना?

ग्रंथकीटक

@दुसरी_बेंच, गूगलने तुम्हाला दार दाखवलं, घर दुसऱ्याचं आहे. पिंटरेस्टचंही तेच. तिथून क्लिक करत मूळ पानापर्यंत जायचं आणि त्या पानाची नोंद करायची.

कोरीचौकट, ग्रंथालयात काम करत असल्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. मी मुलांना दोन गोष्टी वेगळ्या करायला सांगते. एक, हे कुणी केलं : छायाचित्रकार, चित्राचं नाव, साल, मूळ प्रत किंवा निगेटिव्ह आज कुठे आहे. दोन, हे मी कुठे पाहिलं : पुस्तक आणि पान क्रमांक, किंवा वेबपत्ता आणि पाहिल्याची तारीख. बहुतेकांचा गोंधळ या दोहोंची सरमिसळ केल्याने होतो. तुमच्या विद्यार्थ्याने ‘लँग, १९३६’ असं अगदी बरोबर लिहिलं असतं तरी तो फसलाच असता, कारण त्याच्यासमोरची प्रत १९३६ ची नव्हतीच. दुसरा भाग लिहायला बसला असता तर मात्र पानाचं नाव लिहितानाच ‘रंगवलेले जुने फोटो’ वगैरे काहीतरी डोळ्यांपुढे आलं असतं.

आणि मूळ ठिकाणी गेलं की नुसता पत्ता मिळत नाही, माल मिळतो. हा फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तिथलं मूळ शीर्षक ‘मायग्रंट मदर’ नाहीच. कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथली वाटाणे तोडणारी निर्धन मजूर, सात मुलांची आई, वय ३२, अशा आशयाची कोरडी सरकारी ओळ आहे. बाईंचं नाव त्यात नाही. त्या फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळलं १९७८ मध्ये. शिवाय उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता. तो लँग यांना खटकायचा म्हणून पुढे निगेटिव्हवरच पुसट करून घेतला. अंगठा स्पष्ट दिसणारी आधीची प्रतही त्याच ग्रंथालयात आहे. आता विचार करा, व्यक्तिचित्रांवर प्रकल्प करणाऱ्या मुलाला एवढं एका पानावर मिळालं असतं तर त्याने मातकट रंगांवर वेळ घालवला असता का?

शटरउघडं

अंगठ्याचं माहीत नव्हतं. आत्ता मोठा करून बघितला, पुसटसा दिसतो की अजून! वाचनखूण साठवली.

पिक्सेलपुराण

ग्रंथकीटक यांच्याशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

दुसरी_बेंच, पद्धत कुठली हे तुमच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत असेल तेच धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. तुमच्याकडे मार्गदर्शिकेत हार्वर्ड आहे ना, मग हार्वर्ड. सर आणि मॅडम दोघांनाही ते पान दाखवा. माहिती तीच असते हो, फक्त क्रम आणि विरामचिन्हं बदलतात. झोटेरो नावाचं मोफत साधन आहे. ब्राउझरमध्ये बटण दाबलं की पानाची नोंद जमा होते आणि नंतर हव्या त्या पद्धतीत यादी काढून देतं. पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पुस्तकांच्या आणि लेखांच्या नोंदी ते बरोबर उचलतं, फोटोच्या बाबतीत पुष्कळदा छायाचित्रकाराच्या जागी पान लिहिणाऱ्याचं किंवा संकेतस्थळाचंच नाव बसवतं. तेवढं हाताने दुरुस्त करायचं.

स्वल्पविरामासाठी मार्क कापणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहिलं तर प्रतिसाद उडेल.

अंधारखोली

इथे जरा वेगळा सूर लावतो.

आम्ही शिकलो ते थोरामोठ्यांचे फोटो बघून, त्यांची नक्कल करून, नक्कल फसल्यावर स्वतःचं काहीतरी सापडून. कुणी तळटीपा लिहिल्या नाहीत. फोटोग्राफी म्हणजे पीएचडीचा प्रबंध नव्हे. ज्या पोराला खिडकीतला उजेड बघून कॅमेरा उचलावासा वाटतो त्याच्या हातात तुम्ही फॉर्म देताय. डोक्यात हजार चित्रं असतात, त्यातलं कुठलं कधी बोटात उतरलं हे मोठमोठ्या लोकांना सांगता येत नाही, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी कसं सांगावं?

आणि नक्कल म्हणजे चोरीच असं असेल तर शेरी लेव्हीनचं काय करता? तिने १९८१ मध्ये वॉकर इव्हान्स या जुन्या छायाचित्रकाराच्या फोटोंचे जसेच्या तसे फोटो काढले, कॅटलॉगमधून, आणि आपलं काम म्हणून प्रदर्शनात लावले. आज ते संग्रहालयांत आहे.

ग्रंथकीटक

अंधारखोली, त्या मालिकेचं नाव काय होतं? ‘आफ्टर वॉकर इव्हान्स’. संदर्भ शीर्षकातच टांगलाय बाईंनी. नाव काढून टाकलं तर त्या कामात उरतं काय? :)

अंधारखोली

बरोबर धरलंत. हा मुद्दा तुमचा. बाकीच्या म्हणण्यावर ठाम आहे.

कोरीचौकट

अंधारखोली, खिडकीतल्या उजेडाचं श्रेय कुणी मागत नाही हो. तो सगळ्यांचा. पण एका मुलीने लोखंडी फाटकांची मालिका केली. सगळी फाटकं समोरून, एकाच अंतरावरून, ढगाळ दिवशी, माणूस कुठेच नाही, आणि शेवटी तीन बाय तीनच्या जाळीत मांडलेली. सोबतच्या टिपणात ‘ही मांडणी मला अचानक सुचली’. आता बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याने अनेक दशकं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे नेमके असेच टिपले आणि असेच जाळीत मांडले. मुलगी खोटं बोलत नसेलही, कुठेतरी नजरेखालून गेलं असेल. पण जिच्या हातात एवढं चांगलं काम आहे तिला बेखर माहीत नसणं हे तिचंच नुकसान आहे. तिला मी ते दाखवलं तर ती दोन दिवस त्यातच बुडाली. मग स्वतःहून तिने लिहिलं की शिस्त त्यांची, पण त्यांनी रंग टाळला आणि मी फाटकांचे उडालेले रंगच विषय केले. ते टिपण फोटोंइतकंच चांगलं झालं.

म्हणून तिसरा प्रश्न विचारला. यादीत ‘बेखर’ एवढंच लिहिलं असतं तर काहीच कळलं नसतं.

पाठमोरी

कोरीचौकट, मग उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे की. कल्पनेचं श्रेय यादीत देऊच नये, वाक्यात द्यावं. काय घेतलं, काय बदललं, का बदललं.

ब्रिटनमधल्या जीसीएसई (तिथली शालान्त परीक्षा) कला-छायाचित्रण अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनात पहिलाच निकष असा आहे की शोध घेत कल्पना विकसित करा आणि हे करताना स्रोतांची चिकित्सक समज दाखवा. म्हणजे स्रोत समजल्याचे मार्क असतात, चिकटवल्याचे नसतात. वीस फोटो चिकटवलेल्या पानापेक्षा दोन फोटो आणि त्यावर पाच नीट वाक्यं असलेलं पान वरचढ ठरतं. हे मुलांना सांगितलं की चिकटवाचिकटवी आपोआप कमी होते, आणि पर्यायाने नोंदीही कमीच ठेवाव्या लागतात. दुसरी_बेंच यांच्या ‘फोटो कधी काढायचे’चं उत्तरही हेच.

दुसरी_बेंच

हे आवडलं. दोन फोटो असतील तर मी एपीए, एमएलए दोन्हीत लिहीन.

उलटतपासणी

वकिली पेशामुळे एक इशारा देऊन जातो. श्रेय देणं आणि परवानगी असणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ‘छायाचित्र सौजन्य : अमुकतमुक’ लिहिलं की काम कायदेशीर झालं, हा समज फार पसरलाय. वर्गात, परीक्षेसाठी, अभ्यासाच्या वहीत दुसऱ्याचा फोटो चर्चेसाठी वापरणं याला बहुतेक देशांच्या कायद्यात काही ना काही सवलत आहे. तोच प्रकल्प प्रदर्शनात लावला, छापला, इंटरनेटवर टाकला की गणित बदलतं, आणि देशागणिक बदलतं.

फोटोवरून शिल्प किंवा चित्र केलं म्हणूनही सुटका नाही. शिल्पकार जेफ कून्सने छायाचित्रकार आर्ट रॉजर्सच्या कुत्र्याच्या पिल्लांच्या फोटोवरून शिल्प केलं आणि १९९२ मध्ये अपिलात हरला. चित्रकार अँडी वॉरहॉलने छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथच्या १९८१ च्या फोटोवरून केलेली गायक प्रिन्सची चित्रं घ्या. त्यातलं एक पुढे मासिकाला वापरायला दिलं, त्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ७ विरुद्ध २ असा निकाल गोल्डस्मिथच्या बाजूने दिला.

पण विद्यार्थ्यांना सांगायची खरी गोष्ट चित्रकार शेपर्ड फेअरीची. ओबामांचं ‘होप’ पोस्टर, २००८. ते त्याने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी मॅनी गार्सियाने काढलेल्या एका फोटोवरून केलं होतं. वाद कोर्टात गेल्यावर त्याने सांगितलं की वापरला तो फोटो हा नव्हे, दुसरा. पुढे उघड झालं की ते खोटं होतं आणि ते लपवायला त्याने संगणकावरच्या फायली पुसल्या, खोटे कागद तयार केले. मूळ दावा २०११ मध्ये तडजोडीने मिटला. फोटो वापरणं रास्त होतं की नाही याचा निकाल लागलाच नाही, कदाचित त्याच्या बाजूनेही लागला असता. फौजदारी शिक्षा मात्र झाली ती स्रोताबद्दल खोटं बोलल्याची : २०१२ मध्ये ३०० तास समाजसेवा आणि २५,००० डॉलर दंड.

अंधारखोली

अहो उलटतपासणी, शाळकरी पोरांना कुठे सर्वोच्च न्यायालयात उभं करताय! आधी फोकस शिकू द्या.

उलटतपासणी

काका, कोर्टात तुमच्याआमच्यासारखेच येतात आणि सगळे एकच वाक्य म्हणतात, ‘नेटवर होता की’. :) हलके घ्या.

शटरउघडं

अवांतर : छायाचित्रकार कॅरोल हायस्मिथ यांची गोष्ट माहितीये का? त्यांनी आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांनी मोफत वापरावेत म्हणून दिले. मग एके दिवशी त्यांनाच पत्र आलं की तुमच्या संकेतस्थळावर अमुक फोटो विनापरवाना वापरलाय, १२० डॉलर भरा. फोटो त्यांनीच काढलेला! त्यांनी २०१६ मध्ये दावा ठोकला.

झूमइन

शटरउघडं, हे भारी आहे.

मोफत चित्रांचा विषय निघालाच आहे तर लिहितो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी, म्हणजे ठरावीक अटींवर मोफत वापराचा) परवाना असेल तर चार गोष्टी लिहा : शीर्षक, निर्माता, स्रोत, परवाना. परवान्याचा पूर्ण प्रकार हवा, ‘सीसी’ एवढं पुरत नाही. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या, ‘एसए’ म्हणजे तुमचं कामही त्याच अटींवर खुलं ठेवा, ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको, ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती पुढे वाटू नका. कोलाज करणाऱ्या मुलांनी हा शेवटचा नीट बघावा. फोटो कापला, कृष्णधवल केला तर तेही लिहायचं, ‘मूळ रंगीत, मी कापून घेतला’.

सीसी-झिरो, म्हणजे निर्मात्याने सगळे हक्क सोडून दिलेले, असेल तर कायद्याने श्रेय द्यावं लागत नाही. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्याकडच्या स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींची लाखो चित्रं अशी खुली केली. पण अभ्यासाच्या पानावर तरीही लिहायचंच, कारण तिथे प्रश्न हक्काचा नसून तुम्ही काय पाहिलंत याचा आहे. माझा भाचा ‘यांना क्रेडिट नको असतं’ म्हणून खुशाल मोकळा झाला होता.

एकटा_ट्रायपॉड

नोंद ठेवायची कधी, हे कुणी बोलतच नाहीये. सगळी मेख तिथे आहे.

प्रकल्प संपल्यावर संदर्भ शोधायला बसणारा माणूस कधीच सुखी होत नाही. डाउनलोड्समध्ये ‘इमेज (३)’, ‘अनटायटल्ड कॉपी’, ‘स्क्रीनशॉट’ अशी भुतावळ असते. चित्र उतरवतानाच फाइलचं नाव बदला : आधी आडनाव, मग साल, मग एक शब्द विषयाचा, मग संग्रहाचं नाव. ‘ब्लॉसफेल्ट_१९२८_देठ_पुस्तक’ असं. दहा सेकंद लागतात. स्क्रीनशॉट घेतलात तर वरची पत्त्याची पट्टी कापू नका, ती दिसू द्या. पान उद्या गायब होईल अशी शंका असेल तर वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये साठवून त्या प्रतीचा पत्ता लिहा. यूट्यूबवरून तंत्र शिकलात तर मिनिट-सेकंद लिहा. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत नेमकं कुठे ते सांगितलंय हे परीक्षकाने का शोधावं? आणि दोन महिन्यांनी तुम्हालाच ते पुन्हा बघायचं असतं.

आणखी एक. फोटो एकमेकांना मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवले की फाइलच्या पोटातली माहिती बहुतेक वेळा पुसली जाते. कुणी काढला, कधी काढला, सगळं गेलं. गटात काम करत असाल तर सामायिक फोल्डर ठेवा किंवा फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

पिक्सेलपुराण

एकटा_ट्रायपॉड +१. फाइलच्या पोटातल्या माहितीबद्दल भर : आयपीटीसी म्हणून जो भाग असतो त्यात निर्माता, श्रेयओळ, स्रोत आणि स्वामित्वसूचना असे वेगवेगळे रकाने आहेत. वृत्तछायाचित्रात निर्माता एक, श्रेयओळीत संस्था दुसरी, असं सर्रास असतं. मुलं यातला जो पहिला दिसेल तो उचलतात. छायाचित्रकार हवा असेल तर ‘निर्माता’ बघा. आणि हो, स्वतःच्या फोटोंमध्येही हे रकाने भरायची सवय लावा. तुमचा फोटो उद्या दुसऱ्या कुणाच्या अभ्यासाच्या पानावर असेल.

दुसरी_बेंच

पण समजा मूळ सापडतच नाही. शंभर पानांवर तोच फोटो आहे, कुठेच नाव नाही. मग?

एकटा_ट्रायपॉड

टिनआय किंवा गूगल लेन्सवर उलटा शोध घ्या, म्हणजे शब्दांऐवजी तो फोटोच देऊन तो कुठे कुठे आहे ते बघा. टिनआयमध्ये निकाल ‘सर्वात जुना’ आणि ‘सर्वात मोठा’ असे लावता येतात. आधी मोठा बघा, कारण मूळ मालकाकडे किंवा संग्रहाकडे सहसा मोठी, न कापलेली प्रत असते. ‘सर्वात जुना’ याचा अर्थ त्यांच्या यंत्राला तो पहिल्यांदा तेव्हा दिसला एवढाच, फोटो तेव्हाचा असं नव्हे.

ग्रंथकीटक

आणि तरीही नाही सापडलं तर तसं लिहा. फक्त ‘अज्ञात छायाचित्रकार’ आणि ‘मला सापडला नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली म्हणजे ज्यांच्याकडे मूळ आहे त्या संग्रहालाच ठाऊक नाही. दुसरी म्हणजे मी इथे इथे शोधलं, हाती लागलं नाही. मुलं सरसकट ‘अज्ञात’ ठोकतात आणि जिवंत, नावाजलेल्या माणसाला अज्ञात करून टाकतात.

काही वेळा तज्ज्ञांनाही ठरवता येत नाही. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीच्या तुळईवर पाय सोडून बसलेल्या कामगारांचा १९३२ चा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. कित्येक वर्षं त्याला नाव नव्हतं. २००३ मध्ये चार्ल्स एबेट्स यांना श्रेय मिळालं. नंतर लक्षात आलं की त्या दिवशी तिथे आणखीही छायाचित्रकार होते, आणि श्रेय पुन्हा अनिश्चित झालं. तेव्हा पंधरा वर्षांपूर्वीच्या पानावरून घेतलेलं नाव आणि आजच्या पानावरचं नाव यांत फरक पडू शकतो. पाहिल्याची तारीख लिहा म्हणून कंठशोष करते तो यासाठी.

पाठमोरी

श्रेयावरून आठवलं. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्री शेवाळांचं सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हात उमटणारी निळी प्रिंट) पुस्तक भागाभागाने काढलं. फोटोंनी सजवलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. प्रस्तावनेखाली सही फक्त ‘ए. ए.’ पुढे एका संग्राहकाच्या हाती प्रत पडली तर त्याला वाटलं ही अक्षरं ‘अ‍ॅनॉनिमस अ‍ॅमॅच्युअर’ची! बाईंचं नाव ‘कुणी अनामिक हौशी’ म्हणून जायचं ते थोडक्यात वाचलं.

माझ्याकडे दरवर्षी कुणी ना कुणी सायनोटाइप करतं. त्यांच्या पानावर ‘शोध : जॉन हर्शेल, १८४२’ असतं, छान. पण रसायनांचं प्रमाण कुठून घेतलंत, हे नसतं. प्रिंट फिकट आली की मग शोधाशोध. प्रमाण कुठल्या पुस्तकातलं, कागद कुठला, उन्हात किती वेळ ठेवला, हे लिहून ठेवलं तर चूक सापडते. प्रयोगवहीत लिहितो तसंच. हाही स्रोतच आहे, पण ‘संदर्भ’ म्हटलं की मुलांना फक्त प्रसिद्ध माणसं आठवतात.

झूमइन

माणसंही स्रोत असतात. घरच्या जुन्या अल्बमवर प्रकल्प करणारी मुलं आजीशी तासभर बोलतात आणि पानावर ‘जुन्या काळी असं असायचं’ असं लिहितात, जणू विश्वकोशातून उतरवलंय. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि नाव छापलं तर चालेल ना असं विचारलं का, एवढं हवं. अल्बममधला फोटो कुणी काढला हेही विचारा. बऱ्याचदा ‘तो कुठल्यातरी स्टुडिओतला’ असं उत्तर येतं आणि फोटो उलटा केला की मागे शिक्का असतो.

शटरउघडं

फोटो उलटा करून बघायचा असतो हे स्क्रीनवर जन्मलेल्या पिढीला सांगा कुणीतरी. (मी त्याच पिढीतला.)

कोरीचौकट

सगळ्यांचे आभार, खूप मिळालं. एक राहिलं. आता मुलं संकल्पनेसाठी एआयकडून चित्रं बनवून घेतात. त्याची नोंद कशी?

उलटतपासणी

संस्था परवानगी देते का, हे आधी. देत असेल तर साधनाचं नाव, आवृत्ती, तारीख आणि दिलेली सूचना शब्दशः. तयार चित्राला छायाचित्र म्हणायचं नाही आणि तुमच्या फोटोंच्या पानात मिसळायचं नाही.

पिक्सेलपुराण

सूचनेत ‘अमक्याच्या शैलीत’ असं लिहिलं असेल तर तो अमका आला ना श्रेयात? त्याचं खरं काम बघितल्याची नोंद शेजारी हवी. आणि एआयला विचारून मिळवलेले संदर्भ एकेक तपासा. बिनदिक्कत नसलेली पुस्तकं सांगतं, पान क्रमांकासकट.

अंधारखोली

चला, म्हणजे आता यंत्रालाही तळटीप.

एक कबूल करतो पण. फाटकवाल्या मुलीचं टिपण मला पटलं. फॉर्म भरून ते आलं नसतं, कुणीतरी तिला बेखर नेऊन दाखवले म्हणून आलं. तेव्हा मुलांना नोंदी शिकवताय तशा मास्तरांनाही दोन पुस्तकं बघायला लावा.

कोरीचौकट

अंधारखोली, मान्य. माझ्याकडून पुढच्या वेळी पहिला तास पुस्तकं उलटण्याचाच.

दुसरी_बेंच

वरचं सगळं वाचून माझ्या पानासाठी ओळ केलीये. बघून सांगा :

‘कार्ल ब्लॉसफेल्ट, वनस्पतींचे जवळून घेतलेले फोटो, उर्फोर्मेन डेर कुन्स्ट या पुस्तकात प्रसिद्ध, १९२८. मी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहिले. साधी पार्श्वभूमी आणि वस्तू मधोमध ही पद्धत यांच्याकडून घेतली. त्यांनी मऊ, सारखा पसरलेला उजेड ठेवला, मी एका बाजूने टॉर्च मारला, कारण मला देठावरची लव दाखवायची होती.’

ग्रंथकीटक

शेवटची दोन वाक्यं उत्तम, त्यांना हात लावू नका. ‘संग्रहालयाच्या’ म्हणजे कुठल्या? नाव, पानाचा पत्ता, तारीख. आणि ‘फोटो’ असं मोघम नको, त्यातला नेमका कुठला तुम्ही समोर ठेवलात त्या वनस्पतीचं नाव लिहा. ब्लॉसफेल्टच्या चित्रांखाली ते सहसा असतंच.

पाठमोरी

ही ओळ चित्राखालीच ठेवा, बारीक अक्षरात. पूर्ण पत्ता शेवटच्या यादीत. कोरीचौकट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं मत हेच, चित्राखाली एवढं असावं की पान उलटावं लागू नये. लांबलचक वेबपत्त्याने पानाची मांडणी बिघडते ही मुलांची तक्रार मात्र खरी आहे.

दुसरी_बेंच

बदलतो. टॉर्च मित्राने धरला होता, त्याचं नाव कुठे घालू?

पिक्सेलपुराण

‘साहाय्य’ म्हणून फोटोच्या ओळीत. त्याने उजेडाचा कोन स्वतः ठरवला असेल तर जरा जास्त लिहा.

दुसरी_बेंच

तो म्हणतोय फोटोच त्याचा आहे.

उलटतपासणी

यासाठी वेगळा धागा काढा.